पेम्ब्रोक स्ट्रीटवरचं कॉन्व्हेंट

पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकात उभं राहिलं की त्रिनिदादचा बराचसा इतिहास पायी फिरण्याच्या अंतरात येतो. पश्चिमेला रेड हाउस, म्हणजे संसद. 1903 साली पाण्याच्या कायद्यावरून दंगल झाली, तेव्हा ही इमारत जळाली आणि मग पुन्हा बांधली गेली. 1955 पासून याच चौकात एरिक विल्यम्स इतिहासावर आणि राजकारणावर बोलत. ऐकायला एवढी गर्दी लोटे की लोकांनी चौकालाच विद्यापीठ म्हणायला सुरुवात केली. हेच विल्यम्स पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झाले. चौकाच्या उत्तरेला पेम्ब्रोक स्ट्रीट सुरू होतो आणि सरळ सव्हाना नावाच्या अफाट मैदानाकडे जातो. दुकानं, कचेऱ्या आणि वाहनांच्या या गजबजाटात, याच रस्त्यावर सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही मुलींची माध्यमिक शाळा आहे.

शाळा 1836 सालची. देशातली ही सर्वांत जुनी माध्यमिक शाळा. मुलांचं क्वीन्स कॉलेजिएट स्कूल, म्हणजे आजचं क्वीन्स रॉयल कॉलेज, निघालं 1859 मध्ये. कॉन्व्हेंटच्या शेजारचं सेंट मेरीज कॉलेज 1863 मधलं. मुलींची शाळा मुलांच्या शाळांच्या वीस-पंचवीस वर्षं आधी निघाली, हे वाचून माणूस क्षणभर थबकतो. त्यामागे मुलींच्या शिक्षणाचा फार मोठा कळवळा होता असं मात्र नाही. ऊस आणि कोकोच्या मळ्यांचे मालक मुलांना शिकायला फ्रान्सला किंवा इंग्लंडला धाडत. मुलींना समुद्रापलीकडे पाठवायला ते धजत नसत, त्यामुळे मुलींसाठी शाळा बेटावरच हवी होती. ज्या नन ती चालवायला आल्या, त्यांच्या संस्थापिकेच्या मनात मात्र मळेवाल्यांच्या लेकींपलीकडचं बरंच काही होतं. या दोन हेतूंमधली ओढाताण हाच या शाळेचा खरा इतिहास आहे, असं मला वाटतं. फाटक एकच होतं. त्यातून आत कोण येणार, हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षं विचारला जातो आहे.

1836 हे साल नीट पाहायला हवं. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कागदोपत्री संपली ती 1 ऑगस्ट 1834 रोजी. त्रिनिदादमध्ये तेव्हा वीस हजारांहून थोडे अधिक गुलाम होते. पण त्या दिवशी ते सुटले नाहीत. त्यांना ‘उमेदवार’ ठरवण्यात आलं आणि शेतावरच्या मजुरांनी आणखी सहा वर्षं त्याच मालकाकडे राबायचं, असा नियम आला. मालकांना सरकारने नुकसानभरपाई दिली, राबणाऱ्यांना काहीच नाही. त्या 1 ऑगस्टला मळ्यांवरची माणसं पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमली आणि ‘सहा वर्षं नाहीत!’ असं फ्रेंचमध्ये ओरडत राहिली. ब्रिटिश वसाहतीत, ब्रिटिश गव्हर्नरसमोर, फ्रेंचमध्ये. कायद्याने लगेच मोकळी झाली ती फक्त सहा वर्षांखालची मुलं. म्हणजे ही शाळा सुरू झाली, तेव्हा शहराबाहेरच्या मळ्यांवरची आठ-नऊ वर्षांची काळी मुलगी अजून मालकाला बांधलेलीच होती. तिच्या वयाच्या, पण दुसऱ्या घरातल्या मुलींसाठी वर्ग भरत होते.

फ्रेंच भाषा आली कुठून? त्रिनिदाद 1797 पर्यंत स्पेनच्या ताब्यात होतं, पण बेट जवळजवळ ओसाड होतं. ते वसवण्यासाठी स्पेनच्या राजाने 1783 मध्ये फर्मान काढलं: जो कॅथलिक असेल आणि राजाशी एकनिष्ठ राहील, त्याने यावं आणि जमीन घ्यावी. जितके गुलाम आणाल तितकी जास्त जमीन. आसपासच्या बेटांवरचे फ्रेंच मळेवाले गुलामांसह आले. त्यांच्याबरोबर मुक्त मिश्रवर्णीय कुटुंबंही आली. त्यांनाही जमीन मिळत होती, फक्त गोऱ्यांच्या निम्मी. पुढे इंग्रजांनी बेट जिंकलं, तरी घरात फ्रेंच, रस्त्यावर पात्वा ही क्रिओल बोली आणि रविवारी मिस्सा, हे काही बदललं नाही. याच फ्रेंच कॅथलिकांनी उपवासकाळाआधीचा कार्निव्हल त्रिनिदादला आणला. मुक्त झालेल्या काळ्या माणसांनी तो त्यांच्याकडून घेतला, त्यात आपले ढोल, मशाली आणि आपला राग ओतला आणि त्याला आजचं रूप दिलं. कार्निव्हल आणि कॉन्व्हेंट, दोन्ही एकाच समाजाने आणलेली. एक लवकर सगळ्यांचं झालं. दुसऱ्याला फार वेळ लागला.

अशा बेटावर कॅथलिक बिशपला मुलींसाठी नन हव्या होत्या आणि त्या फ्रेंच बोलणाऱ्या हव्या होत्या. जवळच्या फ्रेंच बेटांवर सेंट जोसेफ ऑफ क्लुनी या संघाच्या सिस्टर आधीपासून काम करत होत्या. त्याच त्रिनिदादला आल्या.

या संघाच्या संस्थापिका अ‍ॅन-मारी जाव्हुए यांच्याविषयी इथे थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण शाळेच्या नावात त्या कुठेही नाहीत. जन्म 1779, बर्गंडीतल्या एका खाऊन-पिऊन सुखी शेतकऱ्याच्या घरी. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चवर बंदी आली, तेव्हा ही किशोरवयीन मुलगी लपलेल्या धर्मगुरूंना मदत करत होती आणि गावातल्या पोरांना गोळा करून शिकवत होती. तरुणपणी एका मठात उमेदवारी करत असताना तिला दृष्टान्त झाला, असं त्या स्वतः पुढे सांगत: आपल्याभोवती निरनिराळ्या रंगांची मुलं उभी आहेत. बर्गंडीच्या खेड्यातल्या मुलीने तोवर गोऱ्यांखेरीज कोणी पाहिलं असण्याचा संभव कमीच. 1807 मध्ये त्यांनी संघ काढला आणि 1812 मध्ये क्लुनी गावात घर घेतलं, त्यावरून संघाचं नाव पडलं. पाच वर्षांनी त्यांच्या सिस्टर हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर पोहोचल्या, मग सेनेगलला. जाव्हुए स्वतः पश्चिम आफ्रिकेत गेल्या, इस्पितळं चालवली आणि आफ्रिकी मुलांना धर्मगुरू होण्यासाठी शिकवायला फ्रान्सला नेलं. त्यातले तिघे 1840 मध्ये धर्मगुरू झालेही. काळा माणूस वेदीपुढे उभा राहून मिस्सा म्हणेल, ही कल्पना त्या काळच्या फ्रान्सला पचणारी नव्हती.

त्यांचं सर्वांत मोठं आणि सर्वांत वादग्रस्त काम झालं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, फ्रेंच गयानातल्या माना इथे. बेकायदा गुलामवाहू जहाजांवरून सरकारने पकडलेल्या आफ्रिकी माणसांना फ्रेंच कायद्याने लगेच मोकळं सोडलं जात नव्हतं. आधी सात वर्षं सरकारी ताब्यात ठेवायचं. अशा सुमारे पाचशे जणांना स्वातंत्र्यासाठी तयार करण्याचं काम 1835 मध्ये सरकारने या बाईंवर सोपवलं. मळेवाले खवळले. 1838 च्या मे महिन्यात मानामधल्या 185 जणांना मुक्ततेचे कागद मिळाले. पुढे धर्मसंघावर हुकमत कोणाची, यावरून एका फ्रेंच बिशपशी त्यांचं बिनसलं आणि गयानात असताना जवळजवळ दोन वर्षं त्यांना ख्रिस्तप्रसाद नाकारण्यात आला. ज्या बाईने आयुष्य चर्चला वाहिलं, तिला चर्चच्याच अधिकाऱ्याने दिलेली ही शिक्षा. त्या वाकल्या नाहीत. 1848 मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली आणि मानाच्या लोकांना मत मिळालं, तेव्हा त्यांना निवडून द्यायचं होतं ते जाव्हुए यांनाच. 1851 मध्ये त्या गेल्या. 1950 मध्ये रोमने त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केलं.

मानाची वसाहत म्हणजे आदर्श नगरी होती, असं मी म्हणणार नाही. तिथली शिस्त कडक होती, निर्णय मदर जाव्हुए यांचेच असत आणि ‘आधी तयारी, मग स्वातंत्र्य’ या विचारात माणसाला लहान मूल समजण्याचा दोष होता. पण मळेवाल्यांच्या त्या जगात गुलामाला माणूस समजून त्याला जमीन, घर आणि अक्षर द्यावं असं वाटणं आणि ते करून दाखवणं, ही लहान गोष्ट नव्हती.

याच सिस्टर भारतातही आल्या, आणि त्रिनिदादच्या नऊ वर्षं आधी. 1827 मध्ये फ्रेंचांच्या पुदुच्चेरीत त्यांनी काम सुरू केलं. तिथल्या रोमां रोलां रस्त्यावर त्यांचं भरतकामाचं केंद्र आजही आहे. स्थानिक बाया तिथे टाका घालतात आणि जाणारे-येणारे पर्यटक टेबलावरचे पांढरे रुमाल घेऊन जातात. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधली क्लुनी कॉन्व्हेंट शाळा याच संघाची.

पुन्हा पेम्ब्रोक स्ट्रीटवर येऊ. सिस्टर फ्रेंच, मुली घरी फ्रेंच बोलणाऱ्या, त्यामुळे सुरुवातीच्या काळात वर्गातही फ्रेंचच चाले. फ्रेंच, संगीत, शिवणकाम, धर्मशिक्षण आणि चारचौघांत वागायची रीत, असं त्या काळातल्या चांगल्या घरच्या मुलीला लागणारं शिक्षण. फी भरावी लागे. म्हणून बाकांवर दिसत त्या मळेवाल्यांच्या, व्यापाऱ्यांच्या मुली आणि काही सधन मिश्रवर्णीय घरांतल्या. मानामध्ये ज्या संघाने मुक्त झालेल्यांबरोबर दिवस काढले, त्याच संघाची इथली शाळा मालकांच्या लेकींनी भरली, ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. इंग्रज सरकारला वेगळीच चिंता होती: या वसाहतीतली माणसं इंग्रजी कधी होणार? 1850 नंतर सरकारने आपल्या शाळा काढल्या, धर्म वर्गाबाहेर ठेवला आणि कॅथलिक मंडळींशी बरीच वर्षं खडाजंगी केली. 1870 मध्ये तडजोड झाली: सरकारी शाळाही राहतील आणि चर्चच्या शाळांना अनुदानही मिळेल. त्रिनिदादमध्ये शिक्षणाचा गाडा आजही याच दोन चाकांवर चालतो. कॉन्व्हेंटही हळूहळू इंग्रजीकडे वळलं.

दरम्यान बेटावर तिसरे लोक आले होते. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ जहाज सव्वादोनशेच्या आसपास भारतीयांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. 1917 पर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, कोलकात्याहून निघालेले, काही मद्रासहून. ज्या उसाच्या शेतांतून सुटलेले गुलाम बाहेर पडत होते, त्याच शेतांत त्यांना उतरवलं गेलं. त्यांची वस्ती मध्य आणि दक्षिण त्रिनिदादमध्ये, राजधानीतल्या कॉन्व्हेंटपासून लांब. 1868 पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांच्यासाठी शाळा काढल्या. हिंदी शिकून घेऊन हिंदीत शिकवलं. त्यामुळे गिरमिटियांच्या नाती-पणत्या आधी शिकल्या त्या तिकडे. कॉन्व्हेंटच्या हजेरीपटावर रामलोगन, महाराज, मोहम्मद अशी आडनावं नेहमीची व्हायला विसावं शतक बरंच उलटावं लागलं.

एक गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकातच घडली होती. क्लुनीच्या सिस्टरनी एका शाळेवर समाधान मानलं नाही. सेंट लुशिया बेटावर कास्त्रीमध्ये, त्रिनिदादमध्येच सेंट जोसेफ आणि सान फर्नांडोमध्ये, ग्रेनेडात सेंट जॉर्जेसला, अशी सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटची एक साखळीच उभी राहिली. लहान बेटांवर मुलींना माध्यमिक शिक्षणासाठी दुसरी जागाच नव्हती. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनच्या राजकारणात पहिल्या बायका कोण, हे शोधत गेलं की माग वारंवार या शाळांकडे जातो. डॉमिनिकाच्या युजिनिया चार्ल्स ग्रेनेडाच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या, वकील झाल्या आणि 1980 ते 1995 अशी पंधरा वर्षं पंतप्रधान होत्या. इंग्रजी कॅरिबियनमधल्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्याच शाळेच्या हिल्डा बायनो यांनी काही काळ सान फर्नांडोच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि 1968 मध्ये ग्रेनेडाच्या गव्हर्नर. त्याआधी राष्ट्रकुलात कुठेही बाई गव्हर्नर झाली नव्हती. कास्त्रीच्या कॉन्व्हेंटमधल्या पर्लेट लुईझी 1997 मध्ये सेंट लुशियाच्या पहिल्या महिला गव्हर्नर जनरल झाल्या. शिवणकाम आणि शिष्टाचार शिकवायला निघालेल्या शाळांमधून या निघाल्या. हे नन मंडळींनी ठरवून केलं की मुलींनी शिक्षण हाती येताच त्याचं जे करायचं ते केलं, यावर वाद घालता येईल. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण गणित, लॅटिन आणि कडक शिस्त शिकवणाऱ्या सिस्टरांचा वाटा मी नाकारणार नाही.

फाटक खऱ्या अर्थाने उघडलं ते 1960 नंतर, आणि ते बाहेरून ढकललं गेलं. एरिक विल्यम्स यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत करायचं ठरवलं, पण चांगल्या शाळा बहुतेक चर्चच्या हातात. त्या ताब्यात घ्यायच्या की त्यांच्याशी जुळवून घ्यायचं? 1960 च्या डिसेंबरमध्ये सरकार आणि धर्मसंस्था यांच्यात करार झाला. त्याला आजही कॉन्कॉर्डाट म्हणतात. शिक्षकांचे पगार सरकार देणार, फी बंद. शाळेचं धार्मिक रूप, शिक्षक आणि पुस्तकं यांच्याबाबत संस्थेचा शब्द चालणार. आणि प्रवेश? पहिल्या वर्गातल्या शंभरातल्या ऐंशी जागा देशव्यापी परीक्षेच्या गुणांवर, उरलेल्या वीस मुख्याध्यापिका आपल्या यादीतून भरणार, मात्र मूल परीक्षेत उत्तीर्ण असायला हवं. 1961 पासून ही परीक्षा ‘कॉमन एन्ट्रन्स’ नावाने झाली, 2001 पासून तिची जागा एसईए परीक्षेने घेतली. नियम सगळ्या धर्मांच्या शाळांना सारखाच होता. 1960 च्या दशकातच त्रिनिदादच्या सनातन धर्म महासभेने मुलींसाठी लक्ष्मी गर्ल्स हिंदू कॉलेज काढलं, ते आज निकालात कॉन्व्हेंटच्या खांद्याला खांदा लावतं.

फी गेली, पण रंगाचा प्रश्न गेला नव्हता. 26 फेब्रुवारी 1970 रोजी ब्लॅक पॉवर चळवळीतल्या तरुणांचा मोर्चा शहरातून निघाला आणि कॅथलिक कॅथेड्रलमध्ये शिरला. आतल्या गोऱ्या संतांच्या मूर्तींवर त्यांनी काळं कापड टाकलं. चर्चमध्ये खळबळ उडाली. पण दोन वर्षांपूर्वीच देशात जन्मलेला पहिला आर्चबिशप, अँथनी पँटिन, त्या पदावर आला होता, आणि त्याचे भाऊ फादर जेरार्ड पँटिन सेंट मेरीज कॉलेजात विज्ञान शिकवत. जेरार्ड यांनी वर्ग सोडला आणि शहरावर नजर ठेवून बसलेल्या लॅव्हेंटिल टेकडीवरच्या गरीब वस्तीत ते गेले. बरोबर कोण होतं, तर वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज वेस हॉल. घरोघर जाऊन दोघे एकच विचारत: आम्ही तुमच्यासाठी काय करू? त्यातून सर्व्हॉल ही संस्था निघाली. बालवाड्या, कारागिरीचं शिक्षण, वाट चुकलेल्या पोरांसाठी वर्ग असं तिचं काम वाढलं. ते पुढे नेणाऱ्यांमध्ये क्लुनी संघाच्या सिस्टर रूथ माँट्रिशार होत्या. 1994 मध्ये सर्व्हॉलला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. मला या कथेत जाव्हुए यांची आठवण अधिक स्पष्ट दिसते. पेम्ब्रोक स्ट्रीटच्या फाटकाने जे केलं नाही, ते त्याच संघाच्या एका सिस्टरने टेकडी चढून केलं.

1995 मध्ये आणखी एका प्रश्नावर न्यायालयाचा निकाल आला. शहरातल्याच दुसऱ्या एका कॅथलिक मुलींच्या शाळेत एका मुस्लिम मुलीला प्रवेश परीक्षेतून जागा मिळाली होती, पण हिजाब घालून वर्गात बसायला शाळेने मनाई केली. उच्च न्यायालयाने शाळेचा निर्णय अवाजवी ठरवून रद्द केला. निकालाचा गाभा व्यवहाराचा होता: नियम आंधळेपणाने लावू नका, मुलीचं म्हणणं आणि तिची श्रद्धा तोलून पाहा. सरकारच्या पैशावर आणि देशव्यापी परीक्षेवर चालणाऱ्या शाळेत मूल आलं, की ते आपल्या धर्मासह येतं. त्रिनिदादने हे तीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. इतर देशांत याच विषयावर काय काय झालं ते पाहता मला या निकालाचं मोल फार वाटतं.

आजच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मोजक्याच दिसतात. धर्मव्रत घेणाऱ्या तरुणी कमी झाल्या आणि जगभरच्या अशा शाळांप्रमाणे इथेही वर्ग सांभाळतात त्या गृहस्थाश्रमी शिक्षिका. अकरा-बारा वर्षांच्या मुली पहिल्या फॉर्मला येतात आणि सात वर्षांनी कॅरिबियन परीक्षा मंडळाची केप परीक्षा देऊन बाहेर पडतात. सकाळची प्रार्थना कॅथलिकच असते. ती म्हणणाऱ्या ओळीत मात्र हिंदू, मुस्लिम, अँग्लिकन, पेंटेकोस्टल सगळ्या. 2011 च्या जनगणनेनुसार देशात भारतीय वंशाचे 35 टक्के, आफ्रिकी वंशाचे 34 टक्के, कॅथलिक जेमतेम 22 टक्के आणि हिंदू 18 टक्के. ज्या मुलींच्या पणज्या उसात राबल्या, मग ते कोणत्याही खंडातून येऊन असो, त्या आज मळेवाल्यांच्या वंशजांशेजारी बसून रसायनशास्त्र शिकतात.

एसईएचा निकाल लागतो त्या दिवशी देशभरातली घरं श्वास रोखून असतात. नामांकित शाळा थोड्या आणि मुलं हजारो. त्यामुळे अकराव्या वर्षीच्या एका सकाळच्या परीक्षेवर नको तेवढं ओझं येतं. खासगी शिकवण्या पाचवीच्याही आधी सुरू होतात, आणि शिकवणीची फी ज्यांना परवडते त्यांच्या पारड्यात गुण पडतात. म्हणजे शाळेची फी गेली, ती शिकवणीच्या दारातून परत आली. दुसरीकडे मुख्याध्यापिकांच्या वीस टक्के यादीवर दरवर्षी टीका होते: ओळखीपाळखीचं राज्य, माजी विद्यार्थिनींच्या लेकींची सोय. चर्च म्हणतं, ही यादी नसेल तर शाळेचं कॅथलिक रूप टिकणार नाही. हिंदू आणि मुस्लिम शाळाही आपापल्या यादीसाठी तितक्याच ठामपणे उभ्या राहतात. करार मोडावा असं मला वाटत नाही, कारण या बेटावर अनेक धर्म एका शिक्षणव्यवस्थेत नांदतात त्यात त्याचा हात आहे. पण वीस टक्क्यांतल्या निम्म्या जागा लॅव्हेंटिलसारख्या वस्त्यांतल्या, परीक्षा उत्तीर्ण पण गुणांनी मागे पडलेल्या मुलींसाठी राखल्या, तर करारातला एक शब्दही बदलावा लागणार नाही. तो अधिकार मुख्याध्यापिकेच्या टेबलावर 1960 पासूनच आहे.